गाडीवरचे छापील विनाईल आणि त्यावरचा क्लिअर कोट

कापडाच्या धंद्यात पक्का रंग आणि कच्चा रंग हे दोन शब्द रोज तोंडात असतात. गिऱ्हाईक काउंटरवर बसले की बोट ओले करून काठावर चोळते आणि मगच भाव विचारते. पण स्वतःच्या गाडीवर दुकानाचे नाव टाकायची वेळ आली की हा साधा प्रश्न आपण व्यापारीच विसरतो. निदान मी तरी विसरलो.

डिलिव्हरीच्या छोट्या टेम्पोवर दोन्ही बाजूंना दुकानाचे नाव, साड्यांचे चित्र आणि फोन नंबर डिजिटल छपाईने करून घेतला होता. स्टिकरवाल्याने लॅमिनेशनचे पैसे वेगळे सांगितले. मी घासाघीस केली आणि लॅमिनेशन रद्द करायला लावले. पहिला उन्हाळा संपेपर्यंत पश्चिमेकडे उभी राहणारी बाजू उतरली. लाल अक्षरे गुलाबी झाली, हिरवा पदर निळसर दिसू लागला, काळा मात्र होता तसाच राहिला. दुसऱ्या वेळी शहाणपण सुचले, पण तेही अर्धवट. नवी छपाई लावून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी टेम्पो एका गॅरेजमध्ये नेऊन गाडीच्या रंगावर मारतात तो क्लिअर मारून घेतला. आठवडाभर आरशासारखी चमक होती. मग कडा वर उचलल्या, वळणांवर बारीक भेगा पडल्या आणि शेवटी स्टिकर सोलताना तुकडे तुकडे होऊन निघाला, सोबत टेम्पोचा मूळ रंगही जागोजागी घेऊन गेला. दोन्ही वेळा काय चुकले हे मी नंतर कारागिरांकडे बसून समजून घेतले. आपल्यातले अनेकजण रेडियम, रॅपिंग, गॅरेज आणि डेंटिंग-पेंटिंगच्या कामात आहेत आणि त्याहून जास्त लोक गाड्यांचे मालक आहेत. म्हणून हा विषय थोडा खोलात जाऊन मांडतो.

रंग उडतो म्हणजे काय होते?

छपाईत मुख्य शाया चारच असतात: निळी, गुलाबी-जांभळी जिला मजेंटा म्हणतात, पिवळी आणि काळी. लाल रंग म्हणून वेगळी शाई नसते. मजेंटा आणि पिवळा एकावर एक पडून लाल होतो, पिवळा आणि निळा मिळून हिरवा. काळ्या शाईत काजळी असते आणि काजळीला ऊन जवळजवळ काही करू शकत नाही. पिवळा आणि मजेंटा तुलनेने नाजूक. माझ्या टेम्पोवरचा पिवळा आधी गेला, म्हणून लालाचा गुलाबी झाला आणि हिरव्याचा निळा. उतरलेल्या गाडीकडे पाहून कोणती शाई कमजोर होती हे असे ओळखता येते. लाल जर नारिंगी होत असेल तर मजेंटा गेला असे समजावे.

हे काम सूर्यप्रकाशातले अतिनील किरण करतात. ते रंगाच्या रेणूंचे बंध तोडतात. खालच्या विनाईललाही ते सोडत नाहीत. विनाईल म्हणजे पीव्हीसी. ते लवचीक राहावे म्हणून त्यात तेलासारखे द्रव्य मिसळलेले असते. ऊन आणि उष्णतेने ते द्रव्य हळूहळू निघून जाते, पीव्हीसी पिवळे पडते, कडक होते, तडकते. बॉनेट आणि टपावर ऊन सरळ पडते, म्हणून तिथला स्टिकर बाजूच्या स्टिकरच्या किती तरी आधी संपतो. विनाईल बनवणाऱ्या कंपन्यासुद्धा आडव्या पृष्ठभागासाठी फार कमी मुदतीची हमी देतात. गिऱ्हाईक "पाच वर्षांचा माल" एवढेच ऐकते. ती पाच वर्षे उभ्या बाजूची असतात, हे सहसा कुणी सांगत नाही.

उन्हाशिवाय बाकीचे शत्रू आहेत ते धुण्याचा ब्रश, धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि डिझेल. टाकीच्या झाकणाखाली ओघळ येतो तिथली उघडी शाई डिझेलने अक्षरशः पुसली जाते. कुठल्याही मालवाहू टेम्पोची ती जागा निरखून पाहा.

कापडाची उन्हातली पक्केपणाची परीक्षा १ ते ८ अशा अंकांत मोजतात. निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या नमुन्यासोबत प्रकाशात ठेवतात आणि नमुना कितव्या पट्टीबरोबर उतरला ते पाहतात. ८ अंक सर्वांत पक्का. शायांच्या रंगद्रव्यांनाही हीच मोजपट्टी लावतात. म्हणून शाई विकत घेणाऱ्या छपाईवाल्याने पुरवठादाराला हा अंक विचारण्यात काहीच गैर नाही. आपण सूरत किंवा इचलकरंजीच्या मालाला विचारतोच ना!

फिल्म की द्रव?

छापलेल्या विनाईलवर संरक्षण दोन प्रकारे चढवता येते. एक म्हणजे चिकट पारदर्शक फिल्म, जिला बाजारात नुसते लॅमिनेशन म्हणतात. दुसरे म्हणजे द्रव क्लिअर कोट, जो रोलरने, गनने किंवा यंत्राने चढवून वाळवतात. दोन्हींत अतिनील किरण शोषणारी द्रव्ये घातलेली असतात. ती किरण स्वतः झेलतात आणि त्याची उष्णता करून टाकतात.

आधी खालचा माल ओळखला पाहिजे. विनाईल दोन जातीचे असते. कास्ट विनाईल पातळ द्रवरूपात पसरून भट्टीत वाळवलेले असते. त्याच्यावर ताण नसतो आणि जाडी साधारण ५० मायक्रॉन. कॅलेंडर विनाईल कणकेसारखे रुळांतून लाटून काढलेले असते, जाडी बहुधा ७५ ते १०० मायक्रॉन. लाटताना बसलेला ताण ते विसरत नाही आणि उष्णतेत पुन्हा आखडायला बघते. सपाट दारावर, वर्ष-दोन वर्षांच्या कामाला चांगले कॅलेंडर चालते. वळणे, खाचा आणि रिव्हेट असलेल्या गाडीला कास्टच हवे. वर चढवायची फिल्मही खालच्या जातीचीच असावी. खाली कास्ट आणि वर स्वस्त कॅलेंडर लॅमिनेशन लावले तर वरचे आखडते आणि खालच्याला कडेने ओढून घेते. नंतर सगळे म्हणतात की गोंद खराब होता.

पूर्ण गाडी मढवायची असेल तर माझे मत फिल्मच्या बाजूने आहे. तिची जाडी कारखान्यात ठरलेली असते, कारागिराच्या हातावर अवलंबून नसते. शिवाय लावताना ती विनाईलला अंग देते. थ्री-एम, एव्हरी डेनिसन यांसारख्या कंपन्या विनाईल, शाई आणि लॅमिनेशन त्यांनी मान्य केलेल्या जोडीतले असेल तरच तयार कामाची हमी देतात. वरून कुठलाही क्लिअर मारला तर ती हमी संपली असेच धरावे.

मग द्रवाचे काम कुठे? कापून काढलेली छोटी अक्षरे, बिल्ले, सपाट दारावरची चित्रे, एकाच मापाचे शंभर स्टिकर, अशा ठिकाणी द्रव स्वस्त पडतो आणि कडाही झाकतो. लॅमिनेशनचे मोठे यंत्र ज्याच्याकडे नाही त्या कारागिराला तो सोयीचा असतो. मात्र काचेवर लावतात त्या बारीक भोकांच्या विनाईलवर द्रव कधीही मारू नये. भोके बुजतात आणि आतून दिसणे बंद होते. तिथे त्याच कामाची पारदर्शक फिल्मच लागते.

घाई हीच पहिली चूक

माझ्या दुसऱ्या टेम्पोचे मूळ दुखणे क्लिअरच्या आधीचे होते. आपल्याकडे बरीच छपाई सॉल्व्हंट किंवा इको-सॉल्व्हंट शाईने होते. ही शाई विनाईलला थोडी विरघळवून त्यात शिरते, म्हणूनच ती पक्की बसते. पण वर हात लावल्यावर कोरडी वाटली तरी आतले सॉल्व्हंट बाहेर पडत असते. त्यावर लगेच झाकण घातले तर ते वर जाऊ शकत नाही आणि खाली गोंदाकडे जाते. गोंद मऊ पडतो, विनाईल सैल होते, बुडबुडे येतात, कडा उचलतात. म्हणून कमीत कमी २४ तास आणि खरे तर ४८ तास छपाई मोकळी ठेवावी. पावसाळ्यात आणि गडद रंगांचे काम असेल तर आणखी एक दिवस. घट्ट गुंडाळी करून ठेवलेले ४८ तास मोजायचे नाहीत. छपाई उघडी टांगावी, किंवा सैल गुंडाळून उभी करावी म्हणजे आतून हवा फिरते. नाक जवळ नेल्यावर वास येत असेल तर काम तयार नाही. लेटेक्स आणि यूव्ही यंत्रावरची छपाई यंत्रातूनच वाळून येते, तिथे ही अडचण जवळपास नाही. पण यूव्ही शाईचा थर जाड आणि ताठ असतो, तो वळणावर ताणला तर तडकतो.

दोन दिवस थांबायला सांगितले की गिऱ्हाईक तोंड वाकडे करते. पण आपल्या रंगाऱ्याने कापड ओलेच घडी करून दिले तर आपण ते घेऊ का?

कोट कसा द्यावा

आधी टाकाऊ तुकड्यावर करून पाहावे. त्याच यंत्रावर, त्याच दिवशी छापलेली पट्टी घ्यावी, तिच्यावर क्लिअर लावावा आणि एक दिवस ठेवावी. शाई पसरली का, पांढुरके डाग आले का ते बघावे. मग पट्टी पेन्सिलीभोवती वळवावी. भेग पडली तर तो क्लिअर विनाईलसाठी नाही. ब्लेडने उभ्या-आडव्या बारीक रेघा मारून चौकटी कराव्यात, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी. चौकटी पट्टीबरोबर निघून आल्या तर क्लिअरने पकडच घेतलेली नाही. या परीक्षेला पैसे लागत नाहीत, फक्त एक दिवस लागतो.

छपाईवर बोटांचे तेल किंवा धूळ नको. विशेषतः गॅरेजमध्ये डॅशबोर्ड चमकवायचा सिलिकॉनचा फवारा मारला जात असेल तर त्या जागी क्लिअरचे काम करूच नये. सिलिकॉनचा कण बसला की तिथून क्लिअर दूर पळतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. दमट हवेत सॉल्व्हंटचा क्लिअर दुधाळ होतो. पाण्यावर आधारलेला क्लिअर वाळतच नाही. कोकणात जुलैमध्ये दार उघडे ठेवून हे काम करण्यापेक्षा चार दिवस नाही म्हणावे.

कोट एकच जाड न देता दोन पातळ द्यावेत, पहिला उभा आणि दुसरा आडवा. आता हिशेबाचा भाग, जो व्यापाऱ्याने समजून घेतलाच पाहिजे. वाळल्यावर थर सुमारे २५ मायक्रॉन राहायला हवा असे धरू. डब्यावर घनांश आकारमानाने ४० टक्के लिहिला असेल तर ६० मायक्रॉन ओला थर वाळून २४ उरतो. एका लिटरमध्ये ४०० मिलिलिटर घन पदार्थ आहे. २५ मायक्रॉनने तो १६ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १७२ चौरस फूट जागा झाकतो. गनने मारताना एक तृतीयांश हवेत गेला तर ११५ फुटांच्या आसपास. म्हणजे १०० चौरस फुटांच्या कामाला रोलरने अर्ध्या लिटरच्या थोडे वर आणि गनने एक लिटरच्या थोडे आत लागले पाहिजे. कारागिराने तेच काम पाव लिटरमध्ये उरकले तर थर १० मायक्रॉनच्या आतबाहेर आहे, चमक कितीही असो.

कुणी म्हणेल, अर्धा थर तर अर्धे तरी संरक्षण! तसे नसते. समजा पूर्ण थरातून घातक किरणांपैकी शंभरात एक पार होतो. तर अर्ध्या थरातून शंभरात दहा पार होतात. थर निम्मा झाला आणि मार दहापट झाला. त्यामुळे डब्यात किती उरले ते काम संपल्यावर पाहावे. आम्ही थान मोजून घेतो, त्यातलाच हा प्रकार.

थर उलट फार जाड झाला तर तो विनाईलबरोबर वाकत नाही आणि उन्हाळ्यात पत्रा तापून फुगला की फाटतो. जुन्या, पीठ सुटलेल्या स्टिकरवर क्लिअर मारून तो परत ताजा होतो हेही खरे नाही. क्लिअर त्या पिठावर बसतो आणि पिठासकट निघतो. गेलेला रंग कुठलाही कोट परत आणत नाही.

गाडीच्या रंगाचा क्लिअर आणि कारागिराची छाती

गॅरेजमध्ये मिळणारा हार्डनर घालून मारायचा क्लिअर हा तापलेल्या, ताठ पत्र्यासाठी बनवलेला असतो. त्यातले थिनर विनाईल आणि शाई दोन्हींना खाते. वाळल्यावर तो कडक होतो, खालचे विनाईल मात्र मऊच असते. लवचीकपणासाठी त्यात मिसळायचे द्रव मिळते, आणि काही अनुभवी कारागीर आधी अगदी कोरडा, हलका फवारा देऊन नंतर पुढचे थर देतात. तसे केलेले काम टिकलेले मी पाहिले आहे. पण नंतर तो स्टिकर सोलून निघेल अशी आशा ठेवू नये. वर्षाने फोन नंबर बदलायचा असेल तर हा मार्ग घेऊच नये.

यातली मोठी गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तिची चर्चा होत नाही. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. गनमधून निघालेला त्यांचा बारीक फवारा श्वासात गेला तर दमा जडतो. रंगकाम करणाऱ्यांमध्ये धंद्यामुळे होणाऱ्या दम्याचे हे जगभर ओळखले गेलेले कारण आहे. एकदा शरीराने धसका घेतला की नंतर थोडासा अंशही पुरतो, दुसरा कुणी पलीकडे गन चालवत असला तरी श्वास अडकतो, आणि त्या माणसाला तो धंदा सोडावा लागतो. धोक्याच्या पातळीला त्याचा वासही येत नाही, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवता येत नाही. तोंडावर बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क इथे काहीच कामाचा नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने देणारा मुखवटा आणि हवा ओढून बाहेर टाकणारी बंद खोली लागते. ज्या गॅरेजमध्ये हे नाही तिथे गल्लीत, रिकाम्या हाताने, सतरा-अठरा वर्षांच्या पोराकडून हा क्लिअर मारून घेऊ नये. उस्तादांनी शागिर्दाला हार्डनरच्या डब्यावरचा मजकूर वाचून दाखवावा. विनाईलसाठी पाण्यावर आधारलेले क्लिअर मिळतात, ते रोलरने लावता येतात. थोडे महाग पडले तरी चालेल.

लावल्यानंतर

क्लिअर हाताला कोरडा झाला तरी आतून पक्का व्हायला काही दिवस लागतात. पहिला आठवडा गाडी धुऊ नये. नंतर मऊ कापड, साधे सौम्य साबणाचे पाणी. प्रेशरचे पाणी मारताना नळी निदान एक फूट दूर धरावी आणि कडेच्या आत धार शिरेल अशी तिरकी धरू नये. पेट्रोल किंवा थिनरच्या बोळ्याने डाग काढणे म्हणजे आपण आजवर दिलेले पैसे स्वतःच पुसणे. हल्ली सिरॅमिक कोटिंगचीही जाहिरात जोरात आहे. त्याने पाणी ओघळून जाते, धूळ कमी बसते, पण तो थर इतका पातळ असतो की लॅमिनेशनची जागा तो घेऊ शकत नाही.

खाचा आणि वळणे असतील तर फिल्म लावून झाल्यावर हीट गनने पुन्हा ९० ते १०० अंशांच्या आसपास तापवावी लागते, म्हणजे ताणलेली फिल्म परत मागे येत नाही. नेमका आकडा फिल्मच्या कागदावर असतो. हे करणारे कारागीर कमी आणि केले असे सांगणारे जास्त आहेत.

एक कायद्याची बाब. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही आणि गाडीचा रंग हा नोंदणीतला तपशील आहे. दारावर नाव लिहिणे वेगळे आणि पांढरी गाडी पूर्ण हिरवी मढवणे वेगळे. दुसरे करायचे असेल तर आधी आरटीओत जाऊन यावे.

ऑर्डर देताना मी आता बिलावर चार गोष्टी लिहून घेतो. विनाईलची कंपनी आणि जात, शाईचा प्रकार, लॅमिनेशन किंवा क्लिअरचे नाव आणि छपाईची तारीख. लावायची तारीख त्या तारखेनंतर दोन दिवसांची असली पाहिजे. पहिल्यांदा एका स्टिकरवाल्याला हे सांगितले तेव्हा तो हसला, "शेठ, तुम्ही टेम्पो रंगवताय की लग्नाचा शालू घेताय?" पण लिहून दिले.

त्याच्याकडून छपाईच्या उरलेल्या दोन पट्ट्याही मागून आणल्या. एकीवर लॅमिनेशन, दुसरी उघडी. दोन्ही एका फळीवर लावल्या, अर्ध्या भागावर अॅल्युमिनियमची पन्नी घट्ट गुंडाळली आणि फळी गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून तिरकी ठेवली. फेब्रुवारीत ठेवली आणि मे अखेरीस पन्नी काढली. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी शेजारी पाहिला की कुणाच्या बोलण्यावर जावे लागत नाही. उघड्या पट्टीवर पन्नीची कड जिथे होती तिथे सरळ रेघ उमटली होती, लॅमिनेशनच्या पट्टीवर ती शोधावी लागली. ती फळी आता दुकानात काउंटरमागे आहे. टेम्पोवर नाव टाकायचे म्हणून कुणी व्यापारी सल्ला विचारायला आला की मी तीच काढून समोर ठेवतो.